बंडी येते तेव्हा

सौंसरच्या बँडपार्टीत मोतीराम क्लॅरनेट वाजवायचा. दुसऱ्यांच्या चाली वाजवून वाजवून त्याचे गाल कायमचे फुगले होते, पण आपली स्वतःची एक तरी चाल लोकांनी ऐकावी ही हौस काही भागली नव्हती. वरातीत नवी चाल हवी असते कोणाला? नाचणाऱ्याला ओळखीचंच लागतं.

चौऱ्याऐंशी साली पुण्याचा मधुकर नावाचा दिग्दर्शक इथल्या संत्र्याच्या बागांत छोटासा सिनेमा करायला आला. एका लग्नात त्यानं मोतीरामला ऐकलं आणि एका प्रसंगाचं संगीत त्याच्यावरच सोपवलं. प्रसंग सांगितला तो नागपूरच्या बसचं दार धरून, घाईघाईत. "बाई वाट बघतेय. नवरा येत नाही, त्याची बंडी येते. तिथं नुसतं वाद्य हवं." चित्र रेकॉर्डिंगच्या दिवशी दाखवतो म्हणाला आणि गेला.

इकडे बंडी म्हणजे बैलगाडी. तो लहान असताना त्याचा बा मोहगावच्या बाजाराला गेला आणि परतीच्या वाटेवरच वारला. बैल बंडी घेऊन एकटेच दारात येऊन उभे राहिले. माय, अंबाबाई, तिनं घुंगरं ऐकून आधी चहाचं आधण ठेवलं होतं, मग ती बाहेर आली होती. त्यानंतर घरात ही गोष्ट कोणी काढली नाही. पुण्याच्या माणसाला ती कशी कळली, हे कोडं मोतीरामला पडलं, पण त्यानं मनोमन त्याला हात जोडले.

मग तो कामाला लागला. कॉर्नेट नको, ते वरातीतच शोभतं. पेटी धरली की भजनाला बसल्यासारखं वाटायचं. ढोलक तर नकोच, नुसत्या नावानंच पाय हलतात. शेवटी त्यानं आपलं क्लॅरनेटच घेतलं, तेही खालच्या सुरांत, आणि शेजारच्या गुणवंताच्या बैलांची घुंगुरमाळ मागून आणली. क्लॅरनेटची एक ओळ, मग थांबून घुंगरं, मग पुन्हा ओळ. घरात रोज हेच चालायचं. अंबाबाई ओसरीवर तूर निवडत ऐकायची. चांगलं म्हणाली नाही, वाईट म्हणाली नाही.

रेकॉर्डिंगच्या दिवशी नागपूरला पडद्यावर चित्र सुरू झालं. बाईच्या पुढ्यात कोणीतरी कपड्यांचं गाठोडं ठेवलं. तिनं त्यातून नवऱ्याची बिनबाह्यांची बंडी काढली. आणि मोतीरामनं घुंगरं हलवली.

मधुकरनं सगळं थांबवलं. ही घुंगरं कशाची, असं त्यानं विचारलं.

"बैल एकलेच येऊन राहिले ना जी," मोतीराम म्हणाला.

आधी कोणाला काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. पुण्याची बंडी अंगात घालायची असते, हे मोतीरामला त्या दिवशी समजलं. तोही हसला, पण त्याचे कान तापले होते. घुंगरं काढा, असं मधुकर म्हणाला, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. मोतीरामनं माळ पिशवीत ठेवली. चाल मात्र त्याला बदलता येईना. जिथं घुंगरं वाजायची तिथं तो नुसता थांबत गेला. पडद्यावर बाई त्या कापडावरून हात फिरवत होती. मधुकरनं ते तसंच राहू दिलं.

पुढे तो सिनेमा सौंसरच्या टॉकीजमध्ये एका दुपारी दाखवला. मोतीराम मायला घेऊन गेला. तिला अंधुक दिसायचं, त्यामुळे गाठोडं, बंडी, यातलं तिला काहीच कळलं नाही. क्लॅरनेटची ओळ आली आणि थांबली. मोतीरामला वाटलं, आपली चाल अर्धीच राहिली.

तेवढ्यात अंबाबाईनं चाचपडत त्याचा हात धरला.

"बैल आले," ती म्हणाली.

"हो माय," मोतीराम म्हणाला, "आले."

बा गेल्यापासून मायलेकांत त्याबद्दल एवढंच बोलणं झालं. मोतीराम रडला, आणि चाल पुढे वाजत राहिली.