कीबोर्डखालचं पाणी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे हे वाचून कुणी मला उपासतापास सुचवू नयेत... आधीच डोकं तापलेलं आहे.

आम्ही हर्सूलला राहतो. तो उन्हाळा दुष्काळाचा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही तासभर; आजूबाजूला नव्या बिल्डिंगा मात्र उठतच होत्या. मी घरूनच शेंद्र्याच्या एका कारखान्यासाठी मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज करते. लॅपटॉपचा कीबोर्ड गेला, म्हणून पैठण गेटजवळच्या रिपेअरवाल्या रफीकभाईंकडून दुसरा बसवून घेतला. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप बंद.

त्यांनी उघडला, तर कीबोर्डखाली पाणी.

"मॅडम, पानी आपनेच गिराया होगा."

म्हणजे वॉरंटी संपली. मी म्हटलं, घरात प्यायचं पाणी पुरवून वापरतोय, सांडायला कुठून आणू? त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

त्यांनी वाळवून दिला. मी टेबलावर ग्लास ठेवणंच बंद केलं. काम झालं की लॅपटॉप कपाटात, किल्ली माझ्याकडे. चार दिवसांनी परत तेच! नवरा म्हणाला, "अगं, सांडलं असेल चुकून. मान्य कर ना, कोण ओरडतंय तुला?"

त्या समजूतदार आवाजानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे कारखान्यातले साहेब म्हणाले, जमत नसेल तर दुसरं कुणी बघतो.

या वेळी रफीकभाईंना सांगितलं – वाळवा, चालू करा आणि तुमच्याकडेच ठेवा. दोन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला, लगेच या म्हणून. माझ्यासमोर त्यांनी स्क्रू काढले. कीबोर्ड वरून कोरडा ठणठणीत, आणि खाली ओंजळभर स्वच्छ पाणी. मी बोट बुडवलं... माठातल्यासारखं गार. बाहेर डांबर वितळत होतं.

रफीकभाई हळूच म्हणाले, "कसम से मॅडम, मेरे हाथ से कुछ नई गिरा."

मी इतके दिवस हेच सांगत होते! म्हटलं, आता हे माझ्या नवऱ्याला सांगा. त्यांनी तिथूनच फोन लावून सांगितलं.

तो कीबोर्ड काढून त्यांनी वेगळा बसवला. त्यानंतर कधी थेंबही दिसला नाही. त्यांनी तो ज्याच्याकडून आणला होता, त्यालाही काही ठाऊक नव्हतं. पाणी कुठून येत होतं, हे ना त्यांना सांगता आलं ना मला.

फोन झाला त्या रात्री जेवताना नवरा म्हणाला, "विचित्रच आहे गं हे."

मी विचारलं, त्यांचं तुला एका फोनवर कसं पटलं?

"ते कशाला खोटं बोलतील?"

मी ताटावरून उठले.