वालूरहून येणारा डबा

परभणीला कॉलेजात होतो तेव्हा माझं जेवण वालूरहून सकाळच्या एसटीने यायचं. माय डबा पिशवीत घालून ड्रायव्हरजवळ द्यायची. मी स्टँडवर जाऊन तो उचलायचो आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायचो. आमच्याकडची कितीतरी पोरं अशीच शिकतात.

दुसऱ्या वर्षी मला तब्येतीचं खूळ लागलं. सकाळी मैदानावर धावायचं, मग जिम, आणि उरलेल्या वेळात प्रोटीन आणि लोह यांवर भाषणं ठोकायची. मित्र कंटाळून उठून जायचे. मायला मात्र फोन ठेवता यायचा नाही. मोडाची मटकी टाक, उकडलेली अंडी टाक, शेंगदाण्याचे लाडू टाक, पालक फार शिजवू नको. ती म्हणायची, "टाकते की." आणि डब्यात ते सगळं असायचं. माझे दंड भरले. मी आरशापुढून हलत नव्हतो.

मग एक दिवस शेतात खुरपताना मायला चक्कर आली. मी तिला सेलूला डॉक्टरकडे नेलं. रक्त फारच कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "रोज जेवता काय?"

मायने एकदा माझ्याकडे बघितलं. "मोडाची मटकी, उकडलेलं अंडं, पालक, शेंगदाण्याचा लाडू," ती शाळेतल्या पोरीसारखी पाठ म्हणू लागली. तो माझा डबा होता. एवढं खाऊन रक्त कसं कमी, म्हणून डॉक्टर चक्रावले आणि आणखी तपासण्या लिहू लागले.

"साहेब, हे सगळं मी खातो," मी म्हणालो.

माय पदराचं टोक पिळत खाली बघत राहिली. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि रडूही येत होतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लोकापुढं कशाला सांगितलंस? तुला बरं वाटावं म्हनून बोलले."

गोळ्या सुरू झाल्या. मी डब्यातले लाडू तसेच परत पाठवू लागलो, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच लाडू पुन्हा माझ्यापुढे. शेवटी मी डबाच बंद केला. फोनवर म्हटलं, "मी मेसमधी जेवतो. ते समदं आता तू खायचं."

"खाते की," ती म्हणाली.

दिवाळीच्या आधी न कळवता घरी गेलो. माय चुलीपुढे एकटीच जेवत होती. ताटात भाकर आणि ठेचा. चेहरा आणखी पांढरा पडला होता.

"मटकी कुठंय?"

"भिजवली न्हाई. तुझ्या बापाला ठेचाच लागतो. अन् तुझा डबा बंद झाला, मग कोणासाठी करू?"

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आता आलायस तर भिजवते," म्हणत ती जेवण अर्धंच ठेवून भिंतीला धरून उठली.