काय बिघडलं?

कर्णिक मॅडम फोन उचलल्यावर "हॅलो" म्हणत नाहीत. "काय बिघडलं?" म्हणतात. विमा विकणाऱ्यांना, बँकेतल्या मुलींना, आणि लग्न ठरल्याचं कळवायला फोन केलेल्या सख्ख्या भाचीलासुद्धा त्या हेच म्हणाल्या होत्या. भाचीनं पुढे बरेच दिवस अबोला धरला. मी त्यांना पहिला फोन केला तो मुलाखतीचा पत्ता विचारायला. "काही बिघडलं नाही मॅडम, मी वैशाली, खालापूरहून बोलतेय," असं मी चाचरत म्हणाले, तेव्हा पलीकडचा आवाज जरा निराशच झाला. "बरं. मग खोपोलीच्या शिळफाट्याला उतर. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तीच आमची प्रयोगशाळा."

मॅडम मूळच्या कर्जतच्या, राहायलाही तिथेच. घरात सगळे वकील नाहीतर शिक्षक. त्यांनी मात्र मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत जमिनीची हालचाल मोजणाऱ्या यंत्रांवर संशोधन केलं, आणि पन्नाशीला ती नोकरी सोडून खोपोलीत हा संसार थाटला. डोंगरउतारावर खुंट्या पुरायच्या, मातीत किती पाणी मुरलं आणि जमीन किती सरकली हे त्या खुंट्यांनी मोजायचं, आणि धोका दिसला की वाडीत भोंगा वाजवायचा, असं ते यंत्र. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत त्याची चाचणी चालू होती. मॅडम धरून आम्ही पाचजण होतो.

प्रयोगशाळेचा एक कुळाचार होता. शनिवारी कर्जतहून येताना मॅडम बटाटेवडे आणायच्या आणि आठवड्यातली आपली सगळ्यात मोठी चूक जो आपणहून सांगेल, त्याला पहिला गरम वडा मिळायचा. सांगायला उशीर केला की गार. "चूक लपवायला जेवढी अक्कल लागते ना, तेवढ्या अकलेत ती दुरुस्त होते," असं त्या म्हणायच्या. सगळ्यात जास्त गरम वडे त्यांनीच खाल्ले असतील. भोंग्याचा खांब कुठे रोवायचा ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. नेमक्या त्याच जागी वाडीतल्या म्हशी अंग घासायला यायच्या. एका भर दुपारी म्हशीनं मनसोक्त अंग घासलं, खांब हलला, भोंगा वाजला आणि अख्खी वाडी पोराबाळांसकट खालच्या शाळेत येऊन बसली. त्या शनिवारी वड्यावर दुसऱ्या कोणी हक्कच सांगितला नाही.

संध्याकाळी उशिरापर्यंत थांबलं की त्या चिडायच्या. माझ्या आधीच्या नोकरीत साहेब बसले असताना उठणं म्हणजे गुन्हा होता. इथे उलटंच. "थकलेला माणूस आकडे मनासारखे दिसेपर्यंत बघत बसतो. ऊठ, घरी जा," म्हणून त्या खरोखर दिवे मालवायच्या.

शास्त्रज्ञ बाई म्हणजे हिला पैशातलंही कळत असणार, असा कर्जतच्या शेजाऱ्यांचा समज होता. आमच्याकडे फार्महाऊसच्या प्लॉटचं वेड केवढं, ते काही सांगायला नको. शेजारचे गुप्तेकाका एक रंगीत माहितीपत्रक घेऊन आले. थोड्याच वर्षांत दुप्पट, असं त्यात छापलं होतं. मॅडमनी विचारलं, "काका, दुप्पट होणार नसेल तर ते आपल्याला कधी आणि कशावरून कळेल?" काका म्हणाले, "न व्हायला काय झालंय? होणारच." "मग ही गुंतवणूक नाही हो, नवस आहे." काका रागावून गेले. मला मात्र त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, "पैसा गुंतवावा गं, आपण गुंतू नये. ज्या कारणासाठी घेतलं ते कारण संपलं की निघावं." त्यांनी विकलेला एक शेअर पुढे चांगलाच चढला, तेव्हा ती चूकही शनिवारी सांगून वडा खाल्ला.

प्रयोगाच्या बाबतीतही त्या तशाच. वर्षानुवर्षं घासलेली एक रचना आकडे विरुद्ध गेल्यावर त्यांनी दुपारच्या चहाच्या आत मोडीत काढली. मला हे जरा कोरडं वाटायचं. इतकी मेहनत केलेल्या गोष्टीचा थोडा तरी लळा नको का?

मग पुण्याहून एक गुंतवणूकदार आले. हुशार गृहस्थ, बोलायला गोड, मनानं वाईट नव्हते. पैसे घालायला त्यांची अट एकच, यंत्र तयार आहे असं पावसाळ्याआधी जाहीर करायचं आणि आणखी वाड्यांमध्ये बसवायचं, म्हणजे आमच्या पगारांची काही वर्षं तरी चिंता मिटणार होती. माझं लग्न तोंडावर आलेलं, त्यामुळे मॅडम एकदाच्या "हो" म्हणू देत म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते.

"मॅडम, शंभर टक्के असं जगात काहीच नसतं," ते म्हणाले. "तयार आहे म्हणून टाका. पुढे सुधारत राहूच की."

"भोंगा उगाच वाजला तर लोक शिव्या देतील, त्या मी खाईन," मॅडम म्हणाल्या. "पण वाजायला हवा तेव्हा वाजला नाही, तर लोक घरात बसून त्याची वाट बघतील."

"पण तशी शक्यता कितीशी आहे?"

"ते मला अजून माहीत नाही. तेच तर तुम्हाला सांगतेय."

गृहस्थ चहा घेऊन निघून गेले. मी जिन्यात बसून रडले. मला मॅडमचा भयंकर राग आला होता. दोघे सोडून गेले. उरलेल्या आम्ही तिघांनी फार्महाऊसच्या टाक्यांमधलं पाणी मोजायची यंत्रं बनवून कशीबशी प्रयोगशाळा चालवली. वाडीतला भोंगा चाचणीपुरता राहिला. मॅडम दर खेपेला दारोदार जाऊन सांगायच्या, "आम्ही अजून शिकतोय. याच्यावर राहू नका. पाऊस धरला की आपले आपण शाळेत उतरा." पारूबाईचं घर उताराला अगदी लागून. ती हसायची. "मंग लावला कशाला? आमच्या डोक्यावर शिकताय काय, बाय?"

"हो गं, तसंच आहे," मॅडम म्हणायच्या.

श्रावणात पाऊस धरला तो सुटेचना. एका दुपारी वाडीच्या मास्तरांचा फोन आला. मॅडमनी नेहमीचं विचारलं, आणि ऐकता ऐकता टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "माणसं?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा, "सगळी?" दरड आली होती. पारूबाईचं अर्धं घर आणि गोठा मातीखाली गेला होता. पण घरात कोणी नव्हतं. वाडी सकाळीच गुरांसकट खाली उतरली होती.

आम्ही जीप करून शाळेत पोचलो. पारूबाई व्हरांड्यात नातवाचं डोकं पुसत बसली होती. मॅडमना बघून म्हणाली, "तुमचा भोंगा काय बोलला नाय, बाय."

"नाही बोलला."

डोंगर आमच्या खुंट्या होत्या तिथे हललाच नव्हता, बाजूनं उतरला होता.

"तुमी सांगून ठेवलं व्हतं ना, त्याच्यावर राहू नका. म्हून आमी त्याची वाट नाय बघली. घर काय, बांधू परत. माणसं हायेत."

मॅडम तिच्या शेजारी खाली बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या. मीही रडले. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं मोकळं वाटत होतं, आणि जिन्यातल्या त्या रडण्याची लाजही वाटत होती. मास्तरांनी चहा आणला. तो हातात घेण्याआधी मॅडम उठल्या, दोन्ही वर्गांत डोकावून एकेका घरातली माणसं नावानं विचारून आल्या, आणि मगच कपाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्या गृहस्थांचा फोन आला. बातमी त्यांच्या कानावर गेली होती. "तुमचं म्हणणं बरोबर ठरलं, मॅडम. अभिनंदन," ते अगदी मनापासून म्हणाले. फोन स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"अभिनंदन कसलं?" मॅडम म्हणाल्या. "यंत्र चुकलं आमचं. आम्ही फक्त खोटं बोललो नव्हतो."