केबलचं टोक

घरी विमान बांधणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात: उडेल का, आणि बायको काही म्हणत नाही का. बोरगाव मेघेच्या आमच्या गल्लीत तिसरीही विचारत, उतरवणार कुठे? मी सगळ्यांवर सारखाच खेकसायचो. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये सांगाडा उभा झाला, पंख झाले, त्यांचं कापड बायकोने शिलाई मशीनवर शिवलं. राहिल्या होत्या फक्त केबल्स, म्हणजे चालवणाऱ्याच्या हातातला दांडा आणि शेपटीची पाती यांना जोडणाऱ्या पोलादी तारा. त्यातली एक सुटली की माणूस वर नुसता बसून राहतो, करू काही शकत नाही.

वर्ध्याच्या हार्डवेअरवाल्याने मला साधी वायर दाखवली. "काका, ट्रॅक्टरले चालते, तुमच्या विमानाले काऊन नाई चालत?" त्याला मी तिथेच झापलं आणि विमानाचीच केबल बाहेरून मागवली. खरा प्रश्न टोकांचा होता. केबलचं टोक वळवून फास करायचा आणि तो पक्का करायचा, याच्या दोन तऱ्हा. एक तर टोकं कारखान्यातूनच दाबून आणायची. नाहीतर तांब्याची छोटी नळी फासावर सरकवून ती लांब दांड्यांच्या पकडीने स्वतः दाबायची. मी नळ्या निवडल्या. पैशांसाठी नाही. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात माझी उभी हयात गेली. माझ्या विमानाची टोकं दुसऱ्या कोणी दाबलेली मला चालणार नव्हती.

उजव्या हाताचा कंप तेव्हा सुरू झालेला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हा वाढतच जाईल, हेही सांगून टाकलं. मी चहाचा कप डाव्या हाताने धरायला लागलो. नळी दाबायला ताकद लागते, नजाकत नाही, असं स्वतःला बजावत राहिलो. साफ खोटं होतं ते. नळी सरळ धरावी लागते आणि पकड बरोबर मधोमध बसवावी लागते.

नमुन्याचं एक टोक दाबलं, शेडच्या गर्डरला टांगलं आणि खाली ढेपेची पोती बांधली. क्षणभर धरलं. मग केबल नळीतून हळूहळू सरकत निघाली आणि पोती धप्पकन खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नळीवरचा दाब तिरपा होता. एखाद्या पोराने मला असं काम दाखवलं असतं तर मी ते अंगणात भिरकावून दिलं असतं. मी पोत्यावर बसलो आणि मला रडू आलं. सगळं भंगारवाल्याला देऊन टाकावं, असं वाटलं.

बायको दारात कधीची उभी होती कोण जाणे. "हात हालून राह्यला तुमचा," ती म्हणाली. "द्या मले."

कुठे दाबायचं ते मी सांगितलं, आधी मध्ये, मग दोन्ही कडांना. तिने नळी सरळ धरली आणि पकडीच्या दांड्यांवर अंग टाकून दाबली. दाब पुरता बसला का ते तपासायची खाचेची पट्टी नळीवर चपखल बसली. पोती पुन्हा टांगली. बराच वेळ तशीच ठेवली, पण केबल सूतभरही हलली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. ती पदराने हात पुसत त्या पोत्यांकडे पाहत राहिली आणि हळूच म्हणाली, "हे तं धरलं. पण वर गेल्यावर तो दांडा कोण धरीन?"

टोमणा नव्हता तो, तिला खरंच विचारायचं होतं. मी पुढची नळी तिच्या हातात दिली. हे विमान मी कधीच उडवणार नाही, हे आता दोघांनाही कळलेलं होतं, आणि तरी संध्याकाळपर्यंत आम्ही टोकं दाबत राहिलो.