नाक्यावर पेटलेली भट्टी

कुंदू तोल्नो या लोहाराने घडवलेली लोखंडी नाणी एके काळी पश्चिम आफ्रिकेतल्या साऱ्या किसी लोकांच्या मुलखात चालत: हातभर लांबीची पिळलेली सळई, एका टोकाला कान, दुसऱ्या टोकाला पाऊल. गोऱ्यांच्या सरकारने त्यांवर बंदी घातली. पुढे आपले सरकार आले. त्याने बंदी उठवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. मग शहरातले व्यापारी आले आणि ती जुडीजुडीने नेऊन धनिकांच्या भिंतींवर टांगू लागले. कुंदू कुदळी घडवत राहिला. मात्र मोडलेल्या नाण्यातून निघून गेलेला जीव परत बोलावण्याचा अधिकार त्या पंचक्रोशीत त्याच्या एकट्याकडे उरला होता. तो कोणी हिरावून घेतला नाही, कारण कोणत्याही कचेरीला त्याची माहितीच नव्हती.

एका सकाळी तेवा लेनो आली आणि तिने मोडलेल्या नाण्याचे दोन तुकडे ऐरणीवर ठेवले. तिचा नवरा फाया सीमेपलीकडे रबराच्या मळ्यावर वारला होता आणि त्याला तिथेच पुरले होते. रीतीप्रमाणे तिने त्याच्या थडग्यावर नाणे टेकवून हाक मारली होती आणि त्यातून त्याला ती घरी, त्याच्या आईच्या थडग्याशेजारी, आणत होती.

"मोडलं कुणी?"

"नाक्यावरच्या शिपायानं. हत्यार आहे म्हणाला, गुडघ्यावर घेतलं आणि काडकन कान उडवला."

"मग हे इथं आणून काय उपयोग, पोरी? तुझा माणूस तिथंच रस्त्यात उभा असेल."

तेवाने ऐरणीवरच्या तुकड्यांकडे पाहिले. "म्हणजे कालपासून मी नुसतं लोखंड उराशी धरून हिंडतेय, बाबा?"

जिथे मोडले तिथेच सांधायचे, असा नियम होता. सत्तरीतल्या कुंदूने कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनिशी ऐरण हातगाडीवर चढवली. भाता आणि कोळसा तेवाने डोक्यावर घेतला.

सीमेवरच्या नाक्याच्या अडसरापलीकडे, झडती घेतात त्याच जागी, भररस्त्यात कुंदूने ऐरण मांडली. शिपाई धावत आला.

"ए म्हातारबा! आग पेटवायला लेखी परवानगी लागते."

"तू हे मोडलंस ते कुणाच्या लेखी परवानगीनं?"

रांगेतले लोक खो खो हसले. शिपायाने साहेबांच्या खोलीकडे बोट दाखवले. साहेब जेवायला गेले होते. जेवून आलेल्या साहेबांनी हा विषय आपल्या अखत्यारीत नसल्याचे सांगितले. तो ज्यांच्या अखत्यारीत होता, ते प्रांताधिकारी महिनाभर राजधानीत होते. ज्याने मोडले त्याला कोणी जाब विचारत नव्हते. जोडणाऱ्याकडे मात्र कागद मागितला जात होता. कुंदू ऐरणीवर बसून राहिला. त्याच्या मागे मालमोटारींची रांग वाढत गेली.

"अहो हवालदार," एक चालक ओरडला, "पेटवू द्या की त्याला! माझी केळी पिकून आता रस्त्यावर ओघळतील!"

"पेटव बाबा, पेटव," शिपाई अखेर वैतागून म्हणाला. "पण लवकर आटप!"

तेवाने भाता ओढला. लोखंड पांढरे झाले. कुंदूने कान जुळवून घाव घातले, नाणे पाण्यात विझवले आणि तिच्यापुढे धरले. तिने कानाशी तोंड नेऊन फायाला हाक मारली. कुंदूने खिळ्याने टिचकी दिली. आवाज बद्द आला.

"आला नाही," कुंदू म्हणाला.

"जिवंत होता तेव्हा तरी पहिल्या हाकेला कुठं यायचा? पुन्हा तापवा, बाबा."

कुंदूने सांधा पुन्हा तापवला. घाव नेमका बसला. तेवाने या वेळी घरात हाक मारावी तशी, जराशा रागानेच, हाक मारली. टिचकीसरशी नाणे खणखणले.

तिने ते ओच्यात बांधले. अडसरापाशी शिपायाचा हात सवयीने तपासणीसाठी पुढे आला.

"हात लावशील तर याद राख," तेवा म्हणाली. "माझा नवरा आहे तो."

शिपायाने हात मागे घेतला आणि अडसर वर केला.