कच्च्या टाक्यांचा वेस्टकोट

शुक्रवारी संध्याकाळी पूलच्या स्पर्धेच्या आयोजकांचा मेसेज आला. मुख्य फेरीत पोचल्याबद्दल अभिनंदनाची एक ओळ, आणि खाली पोशाखाचे नियम. काळी फॉर्मल पँट, पूर्ण बाह्यांचा एकरंगी शर्ट, चामड्याचे काळे बूट, काळा वेस्टकोट. जीन्स, स्पोर्ट शूज चालणार नाहीत. वेस्टकोटवर दुसऱ्या रंगाचं काहीही दिसता कामा नये. पोशाख नियमात नसेल तर सामना प्रतिस्पर्ध्याला दिला जाईल.

पूल, म्हणजे बिलियर्ड्ससारखा काठीने बॉल मारायचा खेळ, मी ऑफिसात शिकलो. आमच्या गावात कॅरम होता, तोही तरुण मंडळाच्या खोलीत आणि गणपतीपुरता. इथे कंपनीने एका मजल्यावर निळ्या कापडाचं मोठं टेबल मांडून ठेवलं होतं आणि कुणीही खेळावं अशी मुभा होती. घरातला मी पहिला पदवीधर. वडील तेलाच्या गिरणीत होते. कंपनी खेळायला टेबल देते हे त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा विचारलं की साहेब रागावत नाहीत ना. त्या टेबलाचे माझ्यावर उपकार आहेत. इथल्या पहिल्या वर्षी माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललं असेल, तर ते त्या टेबलापाशीच.

पात्रता फेऱ्यांत कॉलरचा टी-शर्ट चालला होता. वेस्टकोट मुख्य फेरीपासून लागतो. त्याचं कारण मला एका जुन्या खेळाडूने सांगितलं होतं. नेम धरताना माणूस टेबलावर पार ओणवा होतो. अशा वेळी सैल शर्टाचं टोक एखाद्या बॉलला लागलं तरी फाऊल होतो. वेस्टकोट शर्टाला आवळून धरतो. मला हे पटलं. मुळात पोशाखाचे नियम मला आवडतात. शाळेत गणवेश होता म्हणून मी इतरांसारखा दिसायचो. ज्या दिवशी रंगीत कपडे घालून यायला सांगत, त्या दिवशी मी आजारी पडायचो.

सामना रविवारी सकाळी होता, म्हणजे हातात फक्त शनिवार. कोरमंगलाच्या दुकानांत मिळाले ते सगळे लग्नातले, चकचकीत जरीचे. एक साधा काळा सापडला, पण तो मानेपाशी उघडा पडत होता. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे, त्यामुळे तयार कपडा मला बसत नाही. आमच्या टीममधल्या एकाने चिकपेटातल्या एका शिंप्याचं दुकान सांगितलं. क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरणारे सगळे त्याच्याकडेच शिवतात म्हणाला.

मेट्रोने गेलो. साड्यांच्या दुकानांमधल्या एका बोळात लाकडी जिना होता. खाली हमाल ओरडत होते, गठ्ठे फेकत होते. जिना चढून वर गेलो आणि तो सगळा आवाज तुटला. भर दुपारी त्या खोलीत ट्यूबलाइट लावलेली होती. एका बाजूला तीन पाखांचा आरसा, समोर शिंपी, सत्तरीच्या आसपासचा. मागे त्याची बायको मशीनवर. मी मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली. तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी तिला नंतर बोलतो म्हणालो. शिंप्याने मान वर केली.

"आमच्यातलेच की तुम्ही," तो मराठीत म्हणाला. "कुठचे?"

मी गाव सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यांची मंडळी इथे कधी आली तेही त्याला नीटसं माहीत नव्हतं, किती पिढ्या ते कोण मोजतो म्हणाला. त्याचं मराठी मला कळत होतं, पण चाल वेगळी होती, मधेच कन्नडातलं 'स्वल्प', मधेच 'सरी'. उद्या सकाळपर्यंत वेस्टकोट होणं शक्य नाही, असं त्याने सरळ सांगितलं. मी परत फिरलो आणि जिन्याकडे निघालो.

तेव्हा मागचं मशीन थांबलं.

"जरा थांबव त्याला," बाई नवऱ्याला म्हणाली. "तो खांदा बघ."

मी वळायला लागलो तर ती म्हणाली, वळू नकोस. मी तसाच उभा राहिलो. ती जवळ आली आणि टेप न घेता, नुसत्या वितीने, तिने माझी पाठ मोजली. मग कंबर. तिची बोटं थंड होती. मापं तिने कुठे लिहिली नाहीत, तोंडाने बोललीही नाही. एका जागी थांबली आणि हळूच म्हणाली, "हं, तेवढंच." हे ती माझ्याशी बोलत नव्हती.

शिंप्याने कोपऱ्यातला पडदा सारला. आत एक डमी होती, बिनमुंडक्याची, शिंप्यांकडे असते तशी. तिच्या अंगावर काळा वेस्टकोट होता. मी जवळ जाऊन पाहिलं. डमीचा डावा खांदा उतरता होता. पोटाशी चिंध्यांचे थर बांधून तिला थोडं पोट केलेलं होतं, माझ्याइतकंच. आपण मान घरी ठेवून इथे आधीच येऊन उभे आहोत, असं मला क्षणभर वाटलं.

वेस्टकोट मला बसला. इतका नीट कपडा त्याआधी मला कधी बसला नव्हता. मी आरशात पाहिलं. मागे ते दोघं उभे होते. आरशात कुणीही माणूस आपल्या चेहऱ्याकडे बघतो. ते दोघं माझ्या पाठीकडे बघत होते.

मग शिंप्याने सांगितलं. त्यांचा मुलगा कॉलेजात असताना पूल खेळायचा. पहिल्यांदा मुख्य फेरीत गेला तेव्हा बापाने हा शिवायला घेतला. घालून बघायला, म्हणजे ट्रायलला, बोलावलं होतं त्याच आठवड्यात तो तापाने आजारी पडला आणि गेला. वेस्टकोट ट्रायलवर राहिला. त्यांच्या घराण्याचा रिवाज असा की ट्रायल झाल्याशिवाय कपडा पक्का करायचा नाही. कच्चं शिवायचं ते पांढऱ्या दोऱ्याने, लांब टाक्यांनी. ज्याचा कपडा तो घालून बघणार, मग पांढरा दोरा ओढून काढायचा आणि काळ्याने पक्कं शिवायचं. ट्रायल झाली की कपडा गिऱ्हाइकाचा. तोवर तो दुकानाचा.

मी बगलेखाली पाहिलं. दोन्ही कुशींना वरपासून खालपर्यंत पांढरे टाके होते.

"पण तो तर लहान असेल तेव्हा," मी म्हणालो. "मला कसा बसला?"

"तेव्हा बारीक होता," बाई म्हणाली. "आता तिशी ओलांडली की. बसून नोकरी असती, पोट येणारच." दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला ती कुशी उसवायची, आत मुडपून ठेवलेल्या जादा कापडातलं, शिंपी ज्याला माया म्हणतात, थोडं सोडायची, परत पांढऱ्याने टाचायची. डमीला आणखी एक थर बांधायची. हे तिने अगदी साध्या सुरात सांगितलं, दर वर्षी लोणचं घालते तसं.

भिंतीवर मी हार घातलेला फोटो शोधला. नव्हता.

शिंपी मला बाजूला घेऊन म्हणाला की घालून जा, पण उद्याच आण, आणि दोऱ्याला हात लावू नको. तो दोरा आहे तोवर तिच्या हिशेबी मुलगा ट्रायलला यायचा आहे. आता आत कापड उरलेलं नाही, हे वर्ष शेवटचं. पुढच्या वाढदिवसाला ती काय करेल याची त्याला धास्ती होती. "तू घातलेलं बघितलं तर कदाचित..." तो म्हणाला. मी शब्द दिला. कुशीतले टाके हाताखाली झाकतील असं मी धरून चाललो होतो.

त्या रात्री पीजीच्या खोलीत मी तो खुर्चीच्या पाठीला अडकवला नाही. कपाटातही ठेवला नाही. घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून झोपलो. मग वाटलं, पाठ नको. कूस बदलली.

सकाळी हॉलमध्ये पोचलो तर ते दोघं आधीच येऊन प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत बसले होते. कुणी बोलावलं नसताना तिने यायचा हट्ट धरला, असं शिंपी म्हणाला. मांडीवर कापडी पिशवी धरून ती बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी टेबलाकडे वळलो तेव्हा मात्र पाठीवर तिची नजर मला कळत होती, उन्हात पाठ करून उभं राहिल्यावर कळतं तशी.

सामन्याआधी रेफरी पोशाख तपासतो. बूट बघतो, हात बाजूला करून गोल फिरायला लावतो, मग टेबलावर ओणवून नेम धरायला लावतो. मी ओणवलो, उजवा हात मागे गेला आणि कूस ताणली गेली. काळ्यावर पांढरे टाके एकेक करून उघडे पडले.

प्रतिस्पर्धी सर्जापूर रोडकडचा एक उंच मुलगा होता. तो हिंदीत म्हणाला, "दुकानाचा टॅगपण ठेवायचा होतास की, परत करायला सोपं." दोघंतिघं हसले. रेफरी हसला नाही. त्याने सभ्यपणे सांगितलं की हा दोरा काढा, नाहीतर मला सामना त्यांना द्यावा लागेल. थोडा वेळ देतो.

दोरा काढला तर कूस उसवणार. आणि दोरा काढायचा नाही असा मी शब्द दिला होता. मी मागच्या रांगेपाशी गेलो आणि शिंप्याला म्हणालो की काका, मी खेळत नाही, हा घ्या. खरं सांगतो, मला वाईट वाटत होतं. पण अंगातला तो कपडा उतरवायला मिळतोय याने सुटल्यासारखंही वाटत होतं. मी बटणाला हात घातला.

"काढू नको," बाई म्हणाली. "फिर."

मी फिरलो. तिने पिशवीतून सुई आणि काळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. शिंपी घाबरून म्हणाला की अगं, अंगावर नको, काढून शिव. माझ्याही घरी अंगावरचा कपडा कधी शिवत नाहीत, ते जिवंत माणसाला चालत नाही म्हणतात. अगदीच वेळ आली तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्याच्या दातांत दोरा धरायला लावतात.

"ट्रायल अंगावरच असते," ती म्हणाली.

तिने पांढऱ्या दोऱ्याचं टोक पकडलं आणि ओढलं. मला तो जाणवला. कपड्यातून निघतोय असं वाटलं नाही, माझ्या कुशीतूनच कुणी काहीतरी लांब, बारीक ओढून काढतंय असं वाटलं. हॉलमध्ये टेबलांवर बॉल एकमेकांवर आपटत होते, ते आवाज दूर गेले. तिने तो दोरा गोळा करून माझ्या ओठांपाशी धरला. मी तोंड उघडलं. वर्षभर कपड्यात राहिलेल्या दोऱ्याला खारट चव होती.

ती शिवू लागली. सुई शर्टाच्या जवळून जात होती, पण एकदाही टोचली नाही. शिवताना ती पुटपुटत होती. जेवलास का, बूट चावतात का, उभा नीट राहा. मी दातांत दोरा धरलेला, उत्तर देऊ शकत नव्हतो, आणि तिला उत्तर नकोच होतं. एका क्षणी माझ्या नकळत मी डाव्या पायावरचा भार उजव्यावर घेतला आणि कमरेवर हात ठेवला. मी असा कधी उभा राहत नाही. शिंप्याच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मी हात खाली घेतला.

दुसरी कूस झाली. तिने दाताने दोरा तोडला, तिचं कपाळ माझ्या खांद्याला लागलं आणि थोडा वेळ तिथेच राहिलं. मग तिने दंड धरून मला आपल्याकडे वळवलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं. आदल्या दिवसापासून तिने एकदाही पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा समजलं. ती खूप वेळ बघत राहिली. कपाळ, नाक, माझ्या दातांतला दोरा. तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू विझत गेलं आणि मी तिथून हलू शकलो नाही.

"हा आपला नव्हे हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"नव्हे," तो म्हणाला.

तिने माझ्या तोंडातून दोरा काढून घेतला, बोटाला गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मला म्हणाली, जा, ते थांबलेत.

मी खेळलो. चांगलं खेळलो असं लोक म्हणाले, तरी हरलो, शेवटच्या डावात, सोप्या बॉलवर. त्या सगळ्या वेळात पाठीवर काही जाणवलं नाही. ओणवा होताना माझी पाठ ही फक्त माझी पाठ होती. मला तिथे एकटं वाटलं, आणि त्याचं नवलही वाटलं.

सामना संपल्यावर मी वेस्टकोट काढून त्यांच्यापुढे धरला. शिंप्याने हात पुढे केला, पण तिने तो खाली दाबला. तिचे डोळे लाल होते.

"ट्रायल झाली," ती म्हणाली. मग पिशवी काखेत मारून उठली आणि पहिल्यांदाच माझ्याबद्दल काही विचारलं, "तुझी आई कुठे असते रे?"

मी गावाचं नाव पुन्हा सांगितलं. काल ते तिने ऐकलंच नव्हतं.