ओडियात मोजणारा माणूस

आर्तत्राण बेहेरा यांना डेलावेअरच्या त्या रंगाच्या कंपनीत सगळे ‘आर्ट’ म्हणत. आम्ही त्यांना नना म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. माझा नवरा बिरंची त्यांच्याच प्रयोगशाळेत, आणि तिथे त्याचं नाव ब्रायन. बिरंची म्हणजे ब्रह्मदेव. ब्रह्मदेवाचा ब्रायन झाला तेव्हा मी पोट धरून हसले होते. तेव्हाच रागवायला हवं होतं, हे कळायला मला तेरा वर्षं लागली.

नना ओडिशातल्या केंद्रापाड्याकडच्या एका खेड्यातले. इंग्रजी त्यांना उत्तम यायचं, नावावर चोवीस शोधनिबंध होते. पण बोलायची घाई नसे. कुणी काही विचारलं की ते क्षणभर छताकडे बघत, मग उत्तर देत. ते उत्तर मात्र पक्कं असे. तेवढा क्षण थांबायची तिथल्या लोकांना सवय नव्हती.

आम्ही आलो तेव्हा जानेवारी होता. विमानतळावर नना आणि भाउज, म्हणजे त्यांची बायको, दोघं उभे. गाडीच्या मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळलेला कुकर आणि त्यात गरम डालमा, आमची भाज्या घातलेली डाळ. पहिला महिना आम्ही त्यांच्याच घरी काढला. बिरंचीला गाडी चालवायला शिकवली ननांनी, पहिला शोधनिबंध दुरुस्त केला ननांनी, नोकरी कायम व्हावी म्हणून डगकडे, म्हणजे त्यांच्या साहेबाकडे, चार खेपा घातल्या त्याही ननांनीच. मला ते ‘मा’ म्हणत, लेकीला म्हणावं तसं.

त्यांचा एकच हट्ट होता. ओडिया माणसाशी ते ओडियातच बोलायचे, मग प्रयोगशाळा असो की साहेबाची खोली. बिरंची कानकोंडा व्हायचा.

“नना, लोकांसमोर तरी इंग्रजीत बोला ना.”

“का रे बाबा? ते लोक कधी आपल्यासमोर ओडियात बोलतात का?”

आम्ही हसायचो. बिरंची हसायचा नाही.

आणखी एक गंमत होती. रंगात औषधाचे थेंब सोडताना नना ओठातल्या ओठात मोजायचे. एक, दुई, तिनि, चारि. लहानपणी आजोबांच्या दुकानात मोजायला शिकले, तीच सवय. डगला वाटलं, हा माणूस काम करताना देवाचं नाव घेतो. नना मोजायला लागले की तो बिचारा हात बांधून बाजूला उभा राहायचा. एकदा त्यानं हळूच विचारलंही, कुठला देव? नना म्हणाले, “जगन्नाथ.” संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात ते सांगताना ननांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून हसून. सगळ्या प्रयोगशाळेचा तोच समज होता, आणि तो कुणी मोडला नाही. खरं काय ते आम्ही चौघंच जाणत होतो.

ननांना अठ्ठावन्नावं लागलं त्या वर्षी विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. यापूर्वी दोनदा त्यांना डावललं होतं. दोन्ही वेळा जे प्रमुख झाले, त्यांना काम ननांनीच शिकवलं होतं. यंदा निवृत्तीआधीची शेवटची संधी.

आमच्याकडे रविवारी पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात, खाताना ते म्हणाले, “मा, मला खुर्चीचा मोह नाही असं खोटं कशाला बोलू? मला ती हवी आहे. गावी सांगताना दरवेळी विषय बदलावा लागतो.”

“या वेळी मिळणारच, नना,” बिरंची म्हणाला आणि त्यांच्या ताटात बडीचुरा, म्हणजे कुटलेल्या सांडग्यांची चटणी, वाढला.

तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी, नना एकटेच आले. हातात एक टाइप केलेला कागद. जागा ठरवण्याआधी कंपनीनं प्रयोगशाळेतल्या सहा जणांची मतं मागवली होती, डगसकट, सह्यांशिवाय. ती उमेदवाराला दाखवायची पद्धत होती. मी चहा ठेवला. नना सोफ्यावर बसले आणि त्यांनी कागद बिरंचीकडे दिला.

“पाच जणांनी बरं लिहिलंय. हे सहावं वाच. तुला या लोकांच्या मनातलं जास्त कळतं. कोण असेल हा?”

बिरंची वाचेना. मग मीच कागद घेतला. लिहिलं होतं की डॉक्टर बेहेरा काम करताना ओडियात आकडे मोजतात. सभेतही आधी ओडियात विचार करतात, म्हणून उत्तराला वेळ लागतो. माणूस चांगला आहे, पण त्याला विभागाचा चेहरा करता येणार नाही.

“डगच असेल,” बिरंची म्हणाला. “नाहीतर तो नवा मुलगा, टायलर.”

“छे रे. डगला तर वाटतं मी...”

नना तिथेच थांबले. नेहमीसारखं छताकडे बघितलं. या वेळी क्षणभर नाही, बराच वेळ. मग त्यांनी बिरंचीकडे बघितलं. बिरंची चहाच्या कपाचा कान चोळत होता. मलाही त्याच वेळी उमगलं.

ननांनी माझ्या हातून कागद घेतला, चार घड्या घातल्या, उठले. आणि तेरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याशी इंग्रजीत बोलले. अगदी स्वच्छ, न अडखळता, मनात काहीही न जुळवता.

“माझा कोट कुठे ठेवलाय, सांगाल का?”

बिरंचीनं कोट आणून दिला. ननांनी त्याचे आभारही मानले, इंग्रजीतच. दारात माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ओडियात म्हणाले, “येतो, मा.”

दार लागल्यावर मी विचारलं, “तुला हवी होती ती जागा?”

“मी अर्जही केला नव्हता.”

“मग का?”

“ते प्रमुख झाले असते तर सभेत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसले असते, आणि मग माझ्याकडे. बघ, हे लोक असेच, म्हणून. तेरा वर्षं जीभ घासून घासून सरळ केली मी, ती काय त्यांच्या रांगेत उभं राहायला?”

“केसानं गळा कापलास त्यांचा,” मी म्हटलं. “आणि माझाही. त्यांचं ते हसणं माझ्या स्वयंपाकघरातलं होतं. ते उचलून नेलंस तू.”

भित्र्या माणसाशी लग्न झालंय हे मला ठाऊक होतं, आणि भित्र्या माणसाबरोबर संसार करता येतो. हे मात्र निराळं होतं. संसार मोडला नाही आमचा, पण त्या दिवसापासून माझ्या मनातलं काही मी त्याला सांगत नाही.

जागा टेक्सासहून आलेल्या एका छत्तीस वर्षांच्या मुलाला मिळाली. नना आणखी तीन वर्षं त्याच टेबलाशी थेंब सोडत राहिले. माझ्याशी फोनवर ओडियात बोलायचे, बिरंचीशी इंग्रजीत. चिडून नाही, तोडून नाही. ‘डॉक्टर पांडा’ म्हणायचे त्याला. तेच त्याला खात गेलं.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीनं जेवण दिलं. ऐंशीएक माणसं असतील. नना मधल्या टेबलाशी, एका बाजूला भाउज आणि मी, दुसऱ्या बाजूला डग. बिरंची भाषणाला उभा राहिला. इंग्रजीत छान बोलला, लोक दोनदा हसले. मग त्यानं हातातला कागद खाली ठेवला आणि त्या सगळ्या लोकांसमोर ओडियात म्हणाला, “नना, माझं चुकलं. एकदा तरी माझ्याशी आपल्या भाषेत बोला.”

डग ननांकडे झुकला आणि त्यानं हळूच विचारलं, “काय म्हणाला तो, आर्ट?”

ननांनी रुमालानं ओठ टिपले. बिरंचीकडे सरळ बघितलं.

“कोण जाणे,” ते इंग्रजीत म्हणाले, “मला काही कळलं नाही.”